ठाण्यातल्या बेने इस्राएल मुलांची दिमोनाशी जोडी लावायची आहे, सुरुवात कुठून करावी?

ठाणे_रविवार:

नमस्कार मंडळी. ठाण्यात रविवारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजाच्या, मुलांचा वर्ग भरतो. हिब्रू अक्षरं, सणांची माहिती, थोडी गाणी. वय १० ते १५, मुलं १४. या मुलांची इस्रायलमधल्या एखाद्या गावाशी कायमची ओळख व्हावी, एका सहलीपुरती नव्हे, असा विचार आहे. दक्षिण इस्रायलमधल्या दिमोनात बेने इस्राएल कुटुंबं पुष्कळ, म्हणून तेच नाव पुढे आलं. अमेरिकेतल्या ज्यू समाजांच्या इस्रायली शहरांशी अशा जोड्या अनेक वर्षं चालतात, हे माहीत आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

अधिकृत कार्यक्रमातून जावं की थेट पत्र लिहावं? मुलांना नेमकं काय काम द्यावं, म्हणजे दोन व्हिडिओ कॉलनंतर उत्साह ओसरणार नाही? आणि तिकडच्या नातेवाइकांनी वर्गासाठी पैसे पाठवायची तयारी दाखवली आहे, ते घ्यावेत का? आमच्या ट्रस्टची नोंदणी होऊन दोन वर्षं झाली आहेत.

दोन_काठ:

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

तुम्ही म्हणताय तो ज्यूइश एजन्सीचा, म्हणजे जगभरच्या ज्यू समाजांना इस्रायलशी जोडणाऱ्या संस्थेचा, ‘पार्टनरशिप टुगेदर’ हा कार्यक्रम. १९९४ मध्ये ‘पार्टनरशिप २०००’ या नावाने तो सुरू झाला. त्याच्याही आधी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, मेनाकेम बेगिन पंतप्रधान असताना ‘प्रोजेक्ट रिन्यूअल’ होता. त्यात परदेशातला एक समाज इस्रायलमधली एक मागास वस्ती दत्तक घ्यायचा. घरं, बालवाड्या, समाजकेंद्रं उभी राहिली, पण नातं देणारा आणि घेणारा असंच राहिलं. पुढच्या कार्यक्रमाची रचना मुद्दाम वेगळी केली गेली ती यासाठीच. दोन्हीकडच्या माणसांची एकच सुकाणू समिती, तिच्या हाताखाली शिक्षण, आरोग्य, कला, युवक असे कार्यगट, आणि दोन्ही काठांवर एकेक समन्वयक. निर्णय एकत्र बसून.

जोड्यांचे आकार सारखे नाहीत. बॉस्टन–हैफा किंवा १९९७ पासूनची लॉस एंजेलिस–तेल अवीव ही शहराला शहर. दुसऱ्या जोडीत शाळेला शाळा जोडण्यावर मोठा भर आहे. पश्चिम गॅलिलीत उलट चित्र: तिकडे एक प्रदेश, इकडे अमेरिकेच्या मधल्या भागातली अनेक शहरं आणि शिवाय बुडापेस्ट. तिथल्या आरोग्य गटाचं नाहरियाच्या रुग्णालयाशी काम चालतं. डॉक्टरांना डॉक्टर भेटतात, त्यामुळे बोलायला विषय शोधावा लागत नाही. बॉस्टनचं युक्रेनमधल्या निप्रोशीही १९९० च्या दशकापासून नातं आहे. तिथेही आधार आरोग्यसेवेचाच होता, स्त्रिया आणि लहान मुलांसाठीचे दवाखाने. जिथे दोन्हीकडे एकाच कामाची माणसं असतात तिथे जोडी टिकते. ‘संस्कृतीची देवाणघेवाण’ एवढंच कागदावर असेल, तर तिसऱ्या भेटीनंतर बोलण्यासारखं काही उरत नाही.

तुमच्या १४ मुलांसाठी स्वतंत्र अधिकृत भागीदारी उभी करणं जड जाईल, कारण त्यामागे पगारी माणसं आणि दरवर्षीचा निधी लागतो. दोन वाटा आहेत. एक, चालू जोडीत तिसरा कोपरा म्हणून शिरायचं. मायामीची जोडी दिमोनाजवळच्या येरुहामशी आहे आणि येरुहामातही भारतातून गेलेली कुटुंबं आहेत. दुसरी, वर्षभरासाठी थेट करार. मी दुसरीने सुरुवात करा म्हणेन आणि पहिली डोक्यात ठेवा.

थेट पत्र महापौरांना पाठवू नका. पत्राला सुंदर उत्तर येतं, फोटो निघतो आणि पुढच्या निवडणुकीनंतर ते पत्र कुणाला सापडत नाही. गावातल्या समाजकेंद्राला लिहा, त्याला तिकडे ‘मत्नास’ म्हणतात. दुपारनंतर मुलं तिथेच असतात आणि मुलांचा कार्यक्रम ठरवणारा माणूसही तिथेच बसतो.

करार एका पानाचा पुरे. दोन्हीकडचे समन्वयक आणि त्यांच्या गैरहजेरीत काम बघणारे, म्हणजे चार नावं. मुलं किती, बैठका किती, कोणत्या तारखांना. फोटो कुणी कुठे टाकायचे. कोणता खर्च कुणाचा. आणि संपण्याची तारीख. ही शेवटची ओळ सगळे विसरतात. तारीख नसेल तर काम बंद पडलंय की नुसतं लांबलंय हे कुणालाच कळत नाही, आणि विचारायला दोघेही संकोचतात. तारीख असली की त्या दिवशी ‘पुढे चालू ठेवायचं का’ हा प्रश्न सरळ विचारता येतो.

त्याआधी मुंबईत जेडीसी या ज्यू मदतसंस्थेच्या माणसांशी आणि एव्हलिन पीटर्स या ज्यू समाजकेंद्राशी बोलून घ्या. मुलं थोडी आहेत. त्याच मुलांना दोन संस्था एकाच रविवारी बोलवायला लागल्या की पालक दोन्हीकडे पाठवायचं बंद करतात.

घड्याळजी:

दोन_काठ यांनी लिहिलं ते बरोबर, पण अशा गोष्टी बहुतेक वेळा वेळापत्रकावर आपटतात. म्हणून आधी कॅलेंडर घेऊन बसा.

इस्रायल आपल्यामागे हिवाळ्यात साडेतीन तास, उन्हाळ्यात अडीच. तिकडची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. आपली हलत नाहीत. ‘नेहमीच्या वेळी भेटू’ असं ठरवलेलं असलं की त्या आठवड्यात अर्धी मुलं एक तास चुकतात. निरोपात दोन्ही वेळा लिहायच्या, दर वेळी: ठाणे ११.३०, दिमोना ८.००.

तिकडे आठवडा रविवारी सुरू होतो. आपली मुलं रविवारी मोकळी, त्यांची शाळेत. ही अडचण वाटते, पण शाळेच्या एखाद्या शिक्षिकेने तासात बसवायचं मान्य केलं तर उलट सोय होते. हिवाळ्यात तिकडे सकाळी ८ ते दुपारी १ म्हणजे आपल्याकडे ११.३० ते ४.३०. मत्नासमधून करायचं झालं तर त्यांचे ४ म्हणजे आपले संध्याकाळी ७.३०, आणि सोमवारी शाळा असते. दहा वर्षांच्या मुलांसाठी मी शाळेचा तासच मागेन. शुक्रवार-शनिवारी शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा त्यांचा विचार सोडूनच द्या.

आता महिने. तिश्री या हिब्रू महिन्यातल्या सणांत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिकडे जवळजवळ तीन आठवडे काही हलत नाही. ते संपेपर्यंत आपली दिवाळी येते. जुलै-ऑगस्टात त्यांना मोठी सुट्टी. फेब्रुवारीच्या मध्यानंतर आपल्या मुलांच्या परीक्षा, मग त्यांचा पेसाह हा वसंतातला सण, मग आपली मे महिन्याची सुट्टी. उरतो नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. त्यात हनुक्का सणाची आठवडाभराची सुट्टी आणि आपल्याकडची स्नेहसंमेलनं. १३ रविवारांतले ८ हातात राहतात. ८ बैठकाच जाहीर करा. वर्षभराच्या २० जाहीर करून ९ झाल्या तर मुलांना हरल्यासारखं वाटतं.

या खिडकीत ‘तू बिश्वात’ हा झाडांचा सण पडतो, जानेवारी-फेब्रुवारीत. बेने इस्राएलांकडे तो एलियाहू हनाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, उरसाचा दिवस. अलिबागजवळच्या खंडाळ्याला कुटुंबं जातात, मलिदा, म्हणजे गूळ-नारळ घातलेल्या पोह्यांचा प्रसाद, होतो. सगळ्या वर्षाची मांडणी या एका बैठकीभोवती करा, कारण हा सण दिमोनातल्या घरांनाही ओळखीचा आहे आणि त्यात इकडची मुलं जाणकार असतात. दोन्हीकडे एकाच वेळी मलिदा करायचा. १५ मुलांना जाडे पोहे अर्धा किलो, एका मोठ्या नारळाचा चव, चिरलेला गूळ पाव किलो ते ३०० ग्रॅम, वेलची, बेदाणे, काजू-बदामाचे काप. पोहे चाळणीत एकदा भिजवून निथळू द्यायचे आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचे. पाणी राहिलं तर गूळ घातल्यावर लगदा होतो, आणि कॅमेऱ्यासमोर तो सुधारता येत नाही. गूळ नारळात आधी चोळून मग पोह्यांत मिसळला की गाठी राहत नाहीत. पाच किंवा सात प्रकारची फळं दोन्हीकडे मिळतील अशी आठवडाभर आधी ठरवा, खजूर आणि केळी धरून. दिमोनात भारतीय वाणसामानाची दुकानं आहेत, पोह्यांची काळजी नको.

अजून एक. एकाला एक अशी मुलांची जोडी लावू नका. एक आजारी पडला की दुसरा तासभर स्क्रीनकडे बघत बसतो. दोन इकडचे, दोन तिकडचे असा चौघांचा गट करा. बैठक ४५ मिनिटांची, त्यातली निम्मी तरी या चौघांच्या खोलीत, आणि प्रत्येक खोलीवर दोन मोठ्या माणसांचं लक्ष. खाजगी फोन नंबरांची देवाणघेवाण मुलांनी करायची नाही, हे पालकांच्या संमतीपत्रातच घाला.

खतावणी:

पैशांबद्दल. नातेवाइकांची माया खरी आहे, पण सध्या ट्रस्टच्या खात्यात एक रुपयाही घेऊ नका.

इस्रायली पासपोर्ट असलेला माणूस एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या, कायद्याच्या दृष्टीने परदेशी स्रोत आहे. तो मूळचा पेणचा असो, त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असो, तो ठाण्यात येऊन रोख ५,००० रुपये भारतीय नोटांत देवो, ते परदेशी योगदानच. रुपयात दिलं म्हणजे देशी झालं, ही सर्रास होणारी चूक. याउलट भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणारा माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ते परदेशी योगदान धरत नाहीत. त्याच्या पासपोर्टची प्रत मात्र पावतीसोबत ठेवा.

नोंदणीसाठी (अर्ज एफसी-३ए) संस्था किमान ३ वर्षं जुनी हवी आणि मागच्या ३ आर्थिक वर्षांत मूळ उद्दिष्टांवर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. तुमच्या वर्गाचा खर्च तेवढा नसणार. दुसरा रस्ता पूर्वपरवानगीचा, अर्ज एफसी-३बी. ती एका ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रकमेसाठी ठरावीक कामाला मिळते, आणि देणगीदाराचं रक्कम व हेतू लिहिलेलं पत्र जोडावं लागतं. दोन्ही रस्त्यांत पैसा आधी दिल्लीला संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. आर्थिक वर्ष संपल्यापासून ९ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, एफसी-४ विवरण.

कुणी म्हणेल, अमुक मोठ्या संस्थेकडे नोंदणी आहे, तिच्यामार्फत घ्या. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने आलेला परदेशी निधी दुसरीला देता येत नाही. ती संस्था स्वतः तुमच्या मुलांसाठी कार्यक्रम राबवू शकते, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हिशोबात. तुमच्या खात्यात वळवू शकत नाही. आणि नातेवाइकाने स्वतःच्या पुतण्याला पाठवलेले पैसे पुतण्याचे. तिथून ते ट्रस्टमध्ये फिरवणं म्हणजे मागच्या दाराने तेच करणं.

तेव्हा करारात ‘ज्याचा खर्च त्याचा’ लिहा. पहिल्या वर्षाला लागतं काय? इंटरनेट, एक चांगला मायक्रोफोन, पोहे-गूळ, अलिबागची एक सहल. हे इथल्या वर्गणीत भागतं. दोन_काठ यांनी देणारा-घेणारा म्हटलं, तोही प्रश्न यातच सुटतो. सीएंना एकदा विचारून घ्या, पण एफसीआरएची कामं नेहमी करणाऱ्या सीएंनाच.

ठाणे_रविवार:

खूप आभार. पैशांचा विषय आजच मंडळात सांगतो, बरं झालं वेळेत कळलं. दोन शंका. आमच्या मुलांना हिब्रू वाचता येतं, बोलता येत नाही. तिकडच्या मुलांना मराठी नाही, इंग्रजी कामापुरतं. आणि शाळेचा तास मागायचा तर इथेही शाळाच हवी का? माझगावची सर एली कदूरी शाळा एकाने सुचवली.

दोन_काठ:

कदूरी शाळेची सुरुवात १८७५ ची, बेने इस्राएलांनीच केलेली. आज तिथले बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान आहेत, ज्यू मुलं अगदी थोडी. तुमची मुलं वेगवेगळ्या शाळांत विखुरलेली आहेत, त्यामुळे इकडे रविवारचा वर्ग आणि तिकडे शाळेचा तास ही विषम जोडीच तुम्हाला बसेल. पत्रात हे स्पष्ट लिहा. नाहीतर समोरची शिक्षिका इकडेही मुख्याध्यापक शोधत राहील.

भाषेसाठी दिमोनातल्या आजी-आजोबांना बैठकीत बसवा. १९५० आणि ६० च्या दशकांत कोकणातून, मुंबईतून गेलेली ही माणसं घरात मराठी बोलतात, नातवंडांशी हिब्रू. इथल्या मुलाने मराठीत विचारायचं, आजीने नातवाला हिब्रूत सांगायचं. यात वेळ दुप्पट जातो. जाऊ द्या. १९६० मध्ये बारा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या घरात आहे, ही सोय पंधरा वर्षांनी मिळणार नाही. इस्रायलमधून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे, अशा आजी-आजोबांचा पत्ता त्या वर्तुळातून लागू शकेल.

शिलालेख:

मुलांना काम काय द्यावं, याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही म्हणून लिहिते. आडनावं द्या.

पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर, चेऊलकर, झिराडकर. गावाच्या नावाला ‘कर’. दिमोनाच्या वर्गातल्या दहा मुलांपैकी काहींच्या घराच्या पाटीवर आजही यातलं एखादं नाव असेल, आणि ते गाव कुठे आहे हे त्या मुलाला माहीत नसेल. ठाण्याहून अलिबाग एका दिवसात होतं. तिकडच्या मुलाने आडनाव द्यायचं, पणजोबांचं नाव आजीला विचारून द्यायचं. इकडच्या दोघांनी ते गाव नकाशावर शोधायचं, तिथलं सिनेगॉग आणि दफनभूमी बघायची, फोटो आणि वाचन परत पाठवायचं. मग तिकडच्यांनी हिब्रू ओळी तपासायच्या, इकडच्यांनी मराठी. दोघांनाही दुसऱ्याशिवाय काम पुरं करता येत नाही, हे यातलं सगळ्यात चांगलं.

दगड वाचायची पद्धत सांगते, कारण यात नुकसान होऊ शकतं. खडू, पीठ, शेव्हिंग फोम, तारेचा ब्रश यातलं काहीही दगडाला लावायचं नाही. खडूचे कण भेगांत बसतात, तार अक्षरांच्या कडा घासते. मऊ ब्रश आणि साधं पाणी, एवढंच. शेवाळ खरवडायचं नाही. फोटो सकाळी ९ च्या आत किंवा ४ नंतर काढा. ऊन तिरपं असलं की अक्षरांच्या खाचांत सावली पडते, दुपारी बाराच्या उन्हात तीच अक्षरं सपाट दिसतात. झाडाची सावली असेल तर एकाने पांढरा थर्माकोलचा ताव बाजूला धरून उजेड अक्षरांवर आडवा पाडायचा. प्रत्येक दगडाचे तीन फोटो: पूर्ण दगड, फक्त लेख, आणि शेजारच्या दोन दगडांसह जागा. तिसरा फोटो नसेल तर पुढच्या वर्षी तो दगड सापडत नाही.

तारखा. मराठीत इसवी सन असेल तर प्रश्न नाही. हिब्रू वर्ष अक्षरांत असतं आणि बहुतेक वेळा पाच हजारांचा आकडा सोडून दिलेला असतो. प्रत्येक अक्षराला आकडा असतो: ‘ताव’ ४००, ‘रेश’ २००, ‘पे’ ८०, ‘हे’ ५, बेरीज ६८५, म्हणजे ५६८५. या छोट्या बेरजेत १२४० मिळवा: १९२५. महिना तिश्री ते डिसेंबरपर्यंतचा असेल तर त्यातून एक वजा करायचा, कारण ते वर्ष १९२४ च्या सप्टेंबरात सुरू झालं. मुलं इथे हमखास चुकतात, आणि ताव व हेत, रेश व दालेत या जोड्यांत. झिजलेल्या रेशचा कोपरा दालेतसारखा दिसला की २०० चे ४ होतात. बेरीज विचित्र आली तर आधी याच जोड्या तपासा.

नावांसाठी वहीत तीन रकाने ठेवा: दगडावर देवनागरीत जसं आहे तसं, हिब्रूत जसं आहे तसं, आणि आज कुटुंब लिहितं तसं. हिब्रूत स्वर लिहिलेच असतात असं नाही, आणि प व फ ला अक्षर एकच. त्यामुळे पेणकर हे नाव तिकडची मुलं पंकर, फेनकर असं काहीही वाचू शकतात. दगडावरचं दुरुस्त करून लिहायचं नाही, चूक दिसली तरी.

शब्बाथला आणि सणाला दफनभूमीत जायचं नाही. गावच्या सिनेगॉगची देखभाल करणाऱ्यांना आठवडाभर आधी फोन करून परवानगी घ्या, किल्ली त्यांच्याकडेच असते. पुढे कधी पाहुणे आले आणि त्यांच्यात कुणी कोहेन, म्हणजे पुरोहित, घराण्यातला असेल तर तो आत येणार नाही, त्यांना दफनभूमी वर्ज्य असते. बेने इस्राएलांत परंपरेने कोहेन नाहीत, म्हणून हे आपल्या ध्यानात राहत नाही. त्याला फाटकाशी वही सांभाळायचं काम द्या.

घड्याळजी:

शिलालेख ताईंच्या कामाला माझ्या ८ बैठका अशा बसतात: पहिल्या दोनांत ओळख आणि आडनावं, मग डिसेंबरात अलिबागची सहल, जानेवारीत तीन बैठका वाचनाला, तू बिश्वातला मलिदा, शेवटची तपासणीला. सहलीची तारीख आधीच जाहीरपणे कुठे टाकू नका. २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर सिनेगॉगांत बाहेरच्या माणसांची ओळखपत्रं आधी मागतात. मुलांची यादी आणि मोठ्यांच्या आधारच्या प्रती चार दिवस आधी पोचवा, म्हणजे फाटकावर ताटकळावं लागणार नाही.

ठाणे_रविवार:

आडनावांचं काम पक्कं. वर्गातल्या १४ पैकी ५ मुलांना स्वतःचं गाव माहीत नाही, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासूनच करतो. शिलालेख ताई, तीन रकान्यांच्या वहीत फोटोचा क्रमांक कसा घालावा?

शिलालेख:

गावाचं आद्याक्षर, रांग, दगड, फोटो. न-३-७-२ म्हणजे नवगाव, तिसरी रांग, सातवा दगड, दुसरा फोटो. रांगा फाटकापासून मोजायच्या आणि फाटक कोणत्या दिशेला आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं. फोटो काढण्यापूर्वी क्रमांक पाटीवर लिहून पाटी दगडाच्या पायाशी ठेवा, लेखावर नाही.